दुपारचा पहारा

एक्याण्णवच्या उन्हाळ्यात सेलूच्या एका जिनिंगच्या गोदामात बसून मी माझ्या बापाविरुद्ध सात गाणी रेकॉर्ड केली. हंगाम संपला होता आणि रुईच्या पन्नासेक गाठी उचलायच्या राहिल्या होत्या. गाठींच्या मधोमध बसून वाजवलं तर आवाज घुमत नाही, हा शोध वैजीनाथचा. वैजीनाथ एका बँड पार्टीत ड्रम वाजवायचा. नवरदेवाचं घोडं बिथरू नये म्हणून त्याला हात राखून वाजवायची सवय लागली होती. गोदामात आल्यावर त्याने ती मोडली. गिटार माझी होती, म्हणजे औरंगाबादहून जुनी आणलेली. मी शिकत होतो त्या वर्षांत कॉलेज कमी आणि बंद जास्त असायचे. विद्यापीठाच्या नावाचा वाद पेटला की वर्ग बंद, मेस बंद, एसटी बंद. मग होस्टेलच्या खोलीत पडून शेजारच्या पोराच्या इंग्रजी कॅसेटी ऐकायच्या. त्यातली माणसं घशाच्या शिरा ताणून आईबापांना, शाळेला आणि पाद्र्यांना जाब विचारायची. शब्द मला चारातला एक कळायचा, पण तक्रार ओळखीची वाटली. पाद्र्याच्या जागी माळकरी घातला की काम भागत होतं.

माझे वडील किशनराव आमच्या गावच्या भजनी मंडळाचे प्रमुख. गाव वालूरच्या पलीकडे, एसटी फाट्यावर सोडते, पुढे चालत. आम्ही त्यांना दादा म्हणायचो. सातव्या वर्षी माझ्या गळ्यात तुळशीची माळ पडली आणि त्या दिवसापासून शिट्टी, कॅरम, रेडिओवरची गाणी आणि शेजारच्यांच्या घरचा चहा हे सगळं संपलं. मार मात्र कधी बसला नाही. मार असता तर एका गाण्यात भागलं असतं. दादांची पद्धत निराळी होती. चुकायचं मी आणि उपाशी राहायचे ते. कबड्डीत माळ तुटली, दादा एक दिवस उपाशी. मित्राकडे अंड्याची पोळी चाखली, दोन दिवस. आई त्यांचं ताट झाकून ठेवायची आणि माझ्याकडे बघायचीसुद्धा नाही. मी समोर बसून भाकरी खायची, आणि ती गिळायचीही. दहा वर्षांच्या पोराला हे जमतं, कारण भूक लागलेली असते. पण त्याची चव काही चांगली लागत नाही.

तर अशी सात गाणी. तिसऱ्या गाण्यावर आमचा फार जीव होता. त्यात मी अकरा वर्षांचा असताना केलेला पराक्रम होता. आमच्या गावात चैत्रात सप्ता बसतो. सात दिवस, रात्रंदिवस, कुणीतरी एक माणूस गळ्यात वीणा घालून देवापुढे उभा असतो. वीणा भुईला टेकता कामा नये. दोन दोन तासांचे पहारे लागतात. पहारा संपला की वीणा पुढच्याच्या गळ्यात घालायची, एकमेकांच्या पाया पडायचं आणि मोकळं व्हायचं. मी ती वीणा खाली ठेवली होती. गाण्याचं ध्रुपद असं होतं: ‘ईना ठेवली खाली, काई झालं न्हाई.’ हे मी आठ वेळा ओरडायचो आणि आठव्या वेळी वैजीनाथ झांज फोडल्यासारखी मारायचा. आभाळ कोसळलं नाही, देव उठून आला नाही, वगैरे. आम्हाला दोघांनाही वाटायचं, ह्यापेक्षा क्रांतिकारक काही मराठवाड्यात झालेलं नाही.

चाळीस कॅसेटी भरून घेतल्या. वरच्या चित्रात मी होतो आणि माझी माळ गिटारीच्या खुंटीला लटकवलेली होती. कॅसेट कुणी घेतली नाही. वैजीनाथने मग ओळखीच्या मंडप-लाऊडस्पीकरवाल्यांना फुकट वाटल्या. त्यातला एक वैशाखात आमच्याच गावच्या लग्नाला गेला आणि वऱ्हाड जेवत असताना त्याने माझी पहिली बाजू लावली. आमचा बंडखोर आवाज गावात पोचला तो असा, बुंदीच्या पंगतीवर. लोकांना वाटलं, मशीन बिघडली. कुणी म्हणालं, बंद करा हो, बैलं दावं तोडायलीत. शब्द एकाही माणसाला लागले नाहीत.

एक माणूस सोडून. दादा आयुष्यभर भजनातले शब्द ऐकत आलेले होते. चाल कसलीही असो, त्यांचा कान शब्दावर जायचा. त्यांनी स्पीकरवाल्याला ती बाजू पुन्हा लावायला सांगितली. म्हणे, मंडपाच्या खांबाशी उभं राहून तीन वेळा ऐकली. मग कॅसेट मागून घेतली.

तिसऱ्या दिवशी सकाळी ते सेलूत माझ्या खोलीच्या दारात उभे होते. पांढरी टोपी, कपाळाला बुक्का, हातात कापडी पिशवी. वैजीनाथ आतच होता. तो म्हणाला, “मी जरा चहा सांगून येतो,” आणि दोन दिवसांनी आला.

दादांनी पिशवीतून कॅसेट काढून माझ्यापुढे धरली.

“हे तुजं हाय?”

“हो.”

“समदी सात?”

“हो.”

ह्या प्रसंगाची तयारी मी सहा वर्षं केली होती. माणसाचं स्वातंत्र्य, लेकरांचं मन, देवाची भीती ह्यावर माझ्याकडे चांगलं तासाभराचं बोलणं तयार होतं.

“पयली दोन माज्यावर हायत,” दादा म्हणाले. “बराबर हायत. चौथ्यात तुज्या मायचं मनलास, ते बी बराबर. चाल बरी न्हाई. कुणी मारायलंय मनून वरडल्यावानी वाटतंय. पण शब्द खरे हायत.”

मी त्यांच्या हातातली कॅसेट घेतली.

“तिसरं खरं हाय का?”

“दादा, ते गाणं असतं. त्यात थोडंफार...”

“खरं हाय का?”

“हो.”

“ईना तू खाली ठेवलीस.”

“हो.”

“लिंबाजीनं न्हाई.”

तेरा वर्षांत हे नाव माझ्यासमोर कुणी घेतलं नव्हतं, आणि मी तर नाहीच. गाण्यातसुद्धा नव्हतं. खरं सांगायचं तर लिहिताना लिंबाजी आठवला होता. त्याचं एक कडवंही झालं होतं. ते चालीत बसेना, म्हणून काढून टाकलं.

अठ्ठ्याहत्तरच्या चैत्रात झालं ते असं. सप्त्याचा पाचवा दिवस, आणि दुपारी बारा ते दोन पहारा माझा. एवढ्या लहान पोराला पहारा मिळणं हा मान होता. अर्थातच तो किशनरावांच्या पोराचा मान होता. सगळं गाव देवळामागे पंगतीत. देवळात मी, देव आणि वीणा. तेवढ्यात रस्त्यावरून टुरिंग टॉकीजची जीप आली, भोंगा लावून. त्यातून ड्रमचा जो आवाज येत होता तो कानात वाजत नव्हता, बरगड्यांत वाजत होता. मी वीणा गळ्यातून काढली, खांबाला टेकवून खाली ठेवली आणि जीपमागे पळालो, ते थेट ओढ्यापर्यंत.

परत आलो तर देवळात माणसं जमलेली. मधे लिंबाजी, वीणेची पट्टी अर्धी गळ्यात, अर्धी हातात. दोन ते चार पहारा त्याचा होता. थोडं रान आणि सहा महिने ऊसतोड, असा त्याचा संसार. कारखान्यावरून बैलगाडी हाकत, चार रात्री जागून तो आदल्या दिवशीच गावात आला होता; पहारा चुकू नये म्हणूनच घाई केली होती. त्या दिवशी वेळेआधी देवळात आला, वीणा खाली दिसली, म्हणून घाबरून उचलायला वाकला. आणि घागर घेऊन चाललेल्या सारजाबाईने नेमकं तेवढंच पाहिलं.

“मी आलो तवा खालीच व्हती,” लिंबाजी सांगत होता.

दादांनी मला पुढे बोलावलं. “ईनेवर हात ठिव आन् सांग.”

मी दादांच्या पोटाकडे बघितलं. वीणा भुईला टेकली म्हणजे किती दिवसांचा उपास, ह्याचा मला अंदाजच येईना. सप्ता संपेपर्यंत? की महिनाभर? मी वीणेवर हात ठेवला आणि म्हणालो, “मी लिंबाजीमामाच्या गळ्यात घातली. पाया पडलो. त्यांनी बी माज्या पायाला हात लावला.”

शेवटचं वाक्य मला कुणी विचारलं नव्हतं. ते मी पदरचं घातलं.

लिंबाजी माझ्याकडे बघत राहिला. रागाने नाही; विसरलेलं काही आठवायचा प्रयत्न करतो तसं. कुणीतरी म्हणालं, “चार रात्रीचा जागलेला माणूस, उभ्या उभ्या डोळा लागला आसंल.” लिंबाजी जरा वेळाने म्हणाला, “आसंल.” झालं. त्या एका शब्दावर निकाल लागला. सप्ता पुन्हा पहिल्या दिवसापासून धरला गेला, लिंबाजीचं नाव पहाऱ्यातून कायमचं निघालं, आणि निकाल देणारे दादा ‘माजं पोरगं खोटं बोलत न्हाई’ असं चार माणसांत सांगून पोटभर जेवले. त्यानंतर दरवर्षी सप्त्यात लिंबाजी देवळाबाहेर चपला राखायचा आणि रांजण भरायचा. त्याने ते काम स्वतःहून मागून घेतलं होतं.

“चाल,” दादा म्हणाले. “गावाकडं.”

“मी काय म्हणतो, दादा, मी चिठ्ठी लिहून देतो...”

“गाणं वरडून मनलास. माफी चिठ्ठीत?”

एसटीत मी विचारलं, “जेवलात का?”

“न्हाई.”

“कधीपासून?”

ते खिडकीबाहेर बघत राहिले. चोविसाव्या वर्षी, मिशी फुटलेला आणि खांद्यापर्यंत केस वाढवलेला मी, बापाच्या उपाशी पोटाशेजारी बसून गावाकडे निघालो होतो. माझं दुसरं गाणं नेमकं ह्याच विषयावर होतं. त्याचा मला त्या वेळी काही उपयोग झाला नाही.

लिंबाजी अंगणात उभ्याने दोर वळत होता. टळटळीत दुपार, शेजारची सगळी आळी आडवी झालेली. त्याची बायको दगडाबाई उंबऱ्यावर तूर पाखडत होती. केस पिकलेला लिंबाजी आम्हाला बघून गोंधळला. किशनराव त्याच्या दारात कधी आलेले नव्हते.

“या, या. भुजंगा, तू बी? लय मोठा झालास की. केस वाढवायची बोली केलीस का कोण्या देवाला?”

“लिंबाजी,” दादा म्हणाले, “ईनेचा माजा निकाल चुकला. हे सांगतंय बघ.”

मी सांगितलं. उभ्या उभ्या, खाली बघून, गाण्याला लागतो त्यापेक्षा कमी वेळात. दगडाबाईचं सूप थांबलं. लिंबाजीच्या हातातला दोर उलगडत गेला, तो त्याने उलगडू दिला.

“मंग मी जागा व्हतो?” त्याने विचारलं.

“हो.”

“डोळा लागलाच न्हाई.”

“नाही.”

“आन् ते तुज्या पायाला हात लावलेला?”

“ते मी बनवून सांगितलं.”

“बनवून,” तो म्हणाला. “मला तर ते आठवायचं. समदे मनायले तवा कसं न्हाई आठवणार? तुजे पाय धुळीनं भरलेले व्हते, माज्या बोटाला धूळ लागली, एवढं बी आठवायचं.”

दगडाबाई उठली. ती माझ्याशी बोललीच नाही, दादांच्या समोर जाऊन उभी राहिली.

“तेरा वर्सं झाली, किशनराव. ह्या माणसानं दुपारचं अंग टाकलेलं न्हाई. फडात समदी ऊसतोडीची माणसं झाडाखाली पडायची, ह्यो उभा. ताप आला तरी उभा. कामून, तर डोळा लागला तर हातून काय व्हईल सांगता येत न्हाई. पोरीच्या बाळाला मांडीवर घेत न्हाई दुपारचं. झोप लागंल आन् पडंल मनून.”

“माजी चूक हाय, दगडाबाई,” दादा म्हणाले. “मी परवापासून अन्न...”

“ते ऱ्हाऊ द्या!” ती कडाडली. “तुमचा उपास तुमच्या घरी. तुमी उपाशी मेल्यानं माज्या माणसाची झोप वापस येती व्हय?”

ती आत गेली, भाकरी आणि ठेचा घेऊन आली आणि दादांच्या हातावर ठेवलं. “खावा. माज्या दारात उपाशी माणूस नको मला.”

माझ्या उभ्या आयुष्यात दादांचा उपास कुणी मोडलेला मी पाहिला नव्हता. ते भिंतीला टेकून बसले आणि खायला लागले. माझ्याकडे न बघता, एक एक घास, अवघड औषध घेतात तसे.

लिंबाजीने टोपी घातली आणि माझं मनगट धरलं. “चाल.”

“कुठं?”

“त्या दिसाला जे जे देवळात व्हते त्यांच्याकडं. किशनराव, तुमी बसा. ह्यालाच चालू द्या.”

पहिलं घर आप्पारावांचं. त्यांना झोपेतून उठवलं. मी म्हणालो, “त्या साली वीणा मी खाली ठेवली होती.” आप्पारावांनी चष्मा लावून माझ्याकडे बघितलं, मग माझ्या पाठीवर थाप मारली. “शाब्बास! आजकालच्या पोरांत कबूल करायची हिंमत कुठं राह्यली? बापाचं वळण हाय. आगं, च्या टाका.” चहा आला. मी बाजेवर बसून प्यालो. लिंबाजीला कुणी बस म्हणालं नाही, तो ओट्याच्या कडेला उभा होता. त्याला कपात चहा दिला, पण उभ्यालाच.

दुसऱ्या घरीही तेच. तिसऱ्या घरी त्यांनी आपल्या नातवाला बोलावून माझ्या पाया पडायला लावलं. म्हणे, खरं बोलणारा माणूस आहे, बघून घे. मी पाय मागे घेतले, तर त्यांना तो विनय वाटला. चौथ्या घरापर्यंत माझी एवढी स्तुती झाली होती, की कॅसेट विकून झाली नसती. लिंबाजी प्रत्येक ठिकाणी चार पावलं मागे, स्वतःची निर्दोष सुटका लांबून ऐकत.

सारजाबाई अंगणात बसली होती. सगळ्यात जास्त तिलाच सांगायचं होतं. तिनेच पाहिलं होतं.

“सारजामाय,” लिंबाजी म्हणाला, “ईनेचं सांगायला आलोय.”

“कोणती ईना रं?”

“सप्त्यातली. आमच्यावर आळ आला व्हता ती.”

तिला आठवेना. गाव विसरून गेलं होतं. मग लिंबाजी तिच्यासमोर उकिडवा बसला आणि स्वतःवरचा आळ पहिल्यापासून सांगायला लागला. देऊळ, दुपार, घागर, तो वाकला ते, ती ओरडली ते. एकही गोष्ट सोडली नाही. म्हातारीचा चेहरा हळूहळू उजळला.

“हां हां! तू झोपलास आन् ईना भुईवर ठेवलीस. तेच का?”

“तेच,” लिंबाजी म्हणाला. “तर ते तसं न्हाई. सांग रं भुजंगा.”

मी म्हणालो, “वीणा मी ठेवली होती, आजी.”

“आगाई! लेकरू व्हतास रं तू. लेकराचं काय मनावर घ्यायचं? ये, बस इथं सावलीला.”

मला माफ करायला तिला श्वास घ्यायलाही थांबावं लागलं नाही. मी सावलीला बसलो नाही. लिंबाजी उठला, गुडघ्यावर हात टेकून. त्याने मला काही म्हटलं असतं तर बरं झालं असतं. तो नुसता म्हणाला, “आजून येक घर हाय.”

शेवटचं घर ज्याचं होतं तो माणूस चार वर्षांपूर्वी वारला होता. त्या दिवशी तो पंगतीत वाढायला होता आणि गलका ऐकून देवळात आला होता. दारात त्याची सून आली, रुख्मिणी. तीन वर्षांपूर्वी लग्न होऊन येलदरीकडून आलेली. तिने आम्हा दोघांनाही ओळखलं नाही. डोक्यावरचा पदर सारखा करून म्हणाली, “घरात कुणी न्हाई.”

“बाई, तुलाच सांगतो,” लिंबाजी म्हणाला. “तुजा सासरा त्या दिसाला देवळात व्हता. त्याला सांगायचं राह्यलं.”

“मी काय करू मंग?”

“काई न्हाई. ऐकून ठिव.”

तिने कडेवरचं पोर खाली ठेवलं आणि चौकटीला हात लावून उभी राहिली. लिंबाजीने माझ्याकडे बघितलं. तोवर चारपाच घरी मी एकच वाक्य बोललो होतो, वीणा मी ठेवली. त्या वाक्याला चहा मिळत होता.

मी पहिल्यापासून सांगितलं. मी अकरा वर्षांचा होतो. वीणा खाली ठेवून पळालो. हे इथवरचं पोरपण. मग मी परत आलो आणि वीणेवर हात ठेवून ह्या माणसाचं नाव घेतलं. हे मामा चार रात्री जागून आले होते आणि तरी जागे होते. त्यांनी माझ्या पायाला हात लावला, असं मी सांगितलं. त्यांनी लावला नव्हता. मी अकराचा होतो तेव्हा गप्प बसलो, पंधराचा झालो तेव्हा बसलो, विसाचा झालो तेव्हाही. ह्या वर्षी बोललो, ते गाण्यात, आणि त्यातून ह्यांचं नाव काढून टाकलं, कारण ते चालीत बसेना.

रुख्मिणी ऐकत होती. तिने मला नीट न्याहाळलं, केसांपासून चपलांपर्यंत, एखादी वस्तू कोणत्या दुकानातून आली असेल ते ताडतात तसं. मग आत गेली, बाज आणून सावलीला टाकली, तिच्यावर घोंगडी अंथरली आणि तांब्या भरून आणला.

“बसा मामा,” ती लिंबाजीला म्हणाली.

मला तिने पाणीही विचारलं नाही.